उजव्या मांडीवरचा उजेड

परळच्या ज्या संशोधन संस्थेत मी आयुष्यभर तंत्रज्ञ म्हणून काम केलं, तिथे माझ्या निरोप समारंभात विभागप्रमुख सरांनी भाषण केलं. ‘यांच्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नाही,’ असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. अंगावर शाल पडली, हातात नारळ आला. मी मान खाली घातली आणि लोकांना तो विनय वाटला.

सरांचं म्हणणं खरंच होतं. माझ्या नजरेतून सुटलं नव्हतंच. मला दिसलं होतं, मी ते उचललं होतं, पिशवीत भरलं होतं आणि जाळायला पाठवून दिलं होतं. त्यामुळे एका मुलीची पाच वर्षांची मेहनत वाया गेली आणि तिच्या नावापुढे एक शेरा कायमचा बसला. सत्तरी उलटल्यावर माणसं देवदर्शनाला निघतात. माझा पाय आता जिने चढू देत नाही, म्हणून मी खरं बोलायला बसलोय.

आधी आमचं काम काय होतं ते सांगतो, कारण चाळीत मी ते कधी धड सांगितलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचो, ‘उंदीर सांभाळतो.’ लालबागमध्ये उंदीर सांभाळायचा पगार मिळतो हे ऐकून शेजाऱ्यांना राग यायचा. ते पिढ्यानपिढ्या फुकट सांभाळत होते.

उंदराला भूल देऊन त्याच्या डाव्या मागच्या पायाची मोठी रक्तवाहिनी बांधायची, इथून प्रयोग सुरू व्हायचा. पायाचं रक्त तुटतं. शरीर मग स्वस्थ बसत नाही. आजूबाजूच्या बारीक वाहिन्या रुंद करतं, नव्या फोडतं, आणि दोन-तीन आठवड्यांत गार पडलेला पाय पुन्हा उबदार होतो. या दुरुस्तीच्या सुरुवातीला पांढऱ्या पेशींची झुंड तिथे जमते. त्यालाच दाह म्हणतात. आपण दाह म्हटलं की बर्फ शोधायला धावतो. पण तो दाह आला नाही तर नवी वाहिनी नीट फुटत नाही, आणि वेळेवर गेला नाही तर फुटलेली टिकत नाही. रस्त्यावर महापालिकेची माणसं जमतात ना, तसंच. फक्त शरीर खोदलेलं बुजवतं.

पूर्वी हे बघायला तिसऱ्या दिवशी काही उंदीर मारायचे, सातव्या दिवशी आणखी काही. मेलेल्या उंदराच्या पायात पुढे काय झालं असतं, ते कोण सांगणार? मग आमच्याकडे ते यंत्र आलं. फ्रिजएवढी काळी पेटी, आत अंधार, वर अतिशय हळवा कॅमेरा. उंदीरही खास जातीचे मागवले होते. त्यांच्या पांढऱ्या पेशी निळ्या दिव्याखाली हिरव्या चमकायच्या. भूल दिलेला उंदीर पेटीतल्या काळ्या रबरी चटईवर ठेवायचा, दार लावायचं, दिवा लावायचा. जिथे दाह, तिथे पडद्यावर हिरवा उजेड. कुठे कापायला नको, टाचायला नको. तोच उंदीर आज बघा, चार दिवसांनी पुन्हा बघा. मधल्या काळात तो पिंजऱ्यात बसून खातोय. आमच्या संस्थेत इतकी आरामाची नोकरी फक्त त्याला आणि वरच्या मजल्यावरच्या काही लोकांना होती.

या यंत्रावर पीएचडीचं काम करणारी मुलगी गिरगावातली होती. बारीक, चष्मा, बोलणं तुटक. मी तिला सगळ्यांसमोर मॅडम म्हणायचो. ती म्हणायची, ‘काका, मॅडम नका म्हणू, मला कोणीतरी मागे उभं आहे असं वाटतं.’ तिला एक खोड होती. समोरच्या गोष्टीवर चटकन विश्वास ठेवायची नाही. पिंजऱ्यावरची चिठ्ठी दोनदा वाचायची. उंदीर ठेवण्याआधी प्रत्येक वेळी चटई स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची. ही चांगली सवय तिला किती महागात पडणार होती, हे तिला कुठून कळावं?

आता माझ्याकडे येतो.

माझे वडील गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. खंडेनवमीला साच्यांची पूजा व्हायची. वर्षभर ज्या साच्याला शिव्या घालायच्या, त्याला त्या दिवशी हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, हात जोडायचे. मला वडिलांनी लहानपणी खांद्यावर बसवून ते दाखवलं होतं. गिरणी गेली, साचे भंगारात गेले, पूजा करायची सवय तेवढी वारशाने माझ्याकडे आली. संस्थेत मी दरवर्षी वर्कशॉपमध्ये पूजा करायचो. त्याला सगळ्यांची परवानगी होती, पेढ्यांमुळे.

यंत्राच्या खोलीत मात्र सरांनी नोटीस लावली होती: खाणंपिणं, हार, उदबत्ती, पूजा सक्त मनाई. सर विज्ञाननिष्ठ होते. ते दादरला व्याख्यानांतून अंधश्रद्धेवर तासभर बोलायचे आणि घरून निघताना दिवस बघून निघायचे. नोटिशीचा मान राखून मी आदल्या वर्षी दारावर तोरण बांधलं होतं. पण मन भरलं नाही. घरातल्या माणसाला भेटायला गेलो आणि वॉचमनलाच नमस्कार करून परत आलो, असं वाटत राहिलं. म्हणून त्या खंडेनवमीला सकाळी लवकर, कोणी यायच्या आत, मी पेटीचं दार उघडलं. चटईच्या उजव्या बाजूला चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू, दोन अक्षता आणि दादरच्या फुलबाजारातला एक झेंडू. हात जोडले. म्हटलं, बाबा, या पोरीचं काम होऊ दे.

हे मी खरंच म्हटलं होतं. देव ऐकतो की नाही हा वाद पंडितांनी घालावा. माझं इतक्या उलट्या कानाने ऐकल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

दहा मिनिटांनी मी सगळं उचललं, फडक्याने चटई पुसली. काळ्या चटईवर काही दिसेना. दिसत नाही म्हणजे नाही, असं समजणारा माणूस मी दाह बघायच्या यंत्रावर नोकरीला होतो.

दसऱ्याची सुट्टी झाल्यावर तिने नव्या गटाच्या उंदरांची चित्रं घ्यायला सुरुवात केली. डाव्या पायावर उजेड होता, तो असणारच होता. पण उजव्या पायाच्या आतल्या बाजूलाही उजेड! ज्या पायाला कोणी हात लावला नव्हता, त्या मांडीवर. सहाच्या सहा उंदरांना. आणि दर खेपेला तो थोडा कमी होत जायचा, अगदी बांधलेल्या पायासारखा.

तिने मला बोलावलं. ‘काका, हे बघा. उजवा पाय का पेटलाय?’

‘डाव्याला दुखलं म्हणून उजव्याला वाईट वाटलं असेल,’ मी म्हटलं.

ती हसली नाही. ‘मला हे खरं वाटत नाही.’

सरांना मात्र पाहताक्षणी खरं वाटलं. एका पायाची वाहिनी बांधली की सगळ्या शरीराला खबर जाते, दुसरा पायही दाहाने तयारीला लागतो, असा त्यांनी तिथल्या तिथे सिद्धांत मांडला. त्यांनी त्याला नावही ठेवलं. मूल कोणाचं हे बघायच्या आधी बारसं उरकलं.

‘सर, रिकाम्या चटईचं चित्र घेतलेलं नाही,’ ती म्हणाली. ‘सुट्टीमुळे राहिलं. पुन्हा सगळं करू या.’

‘अगं, आधी पाठवू, मग करू. कोणीतरी आपल्या आधी छापेल.’

‘पण सर...’

‘तुला पदवी हवीय ना?’

संगणकावर एक सोय होती. उंदराच्या बाहेरचा सगळा भाग काळा करून टाकायचा, म्हणजे चित्र स्वच्छ दिसतं. त्यामुळे चटईवर काय चमकतंय हे कोणाला दिसायचा प्रश्नच नव्हता. लेख छापून आला. सर परदेशात बोलून आले. लेखाच्या शेवटी आभार मानले होते त्यात माझं नाव होतं. मी ते पान फ्रेम करून घरात लावलं. बायको म्हणाली, ‘यात तुमचा नाव खंय आसा? माका भिंगान बघूक होया.’ मी तिला भिंग आणून दिलं.

वर्ष-दीड वर्षात बाहेरच्या दोन ठिकाणच्या लोकांनी तोच प्रयोग केला. त्यांच्या उंदरांची उजवी मांडी काळीकुट्ट. त्यांनी विचारणा केली. आमच्याकडे पुन्हा केला, आमचीही काळीकुट्ट. सरांनी तो लेख आपण कधी बघितलाच नव्हता असा चेहरा केला. मग कुठूनतरी शब्द आला: चित्रं संगणकावर रंगवली असतील. कोणी रंगवली असतील, हे कोणी बोललं नाही, पण चित्रं काढणारी एकच होती. चौकशी समिती बसली.

समितीच्या आदल्या दिवशी मला खरं कारण कळलं. त्याच्या आदल्या दिवशी काळाचौकीला पुतणीची हळद होती. मामा, काका, आत्या सगळ्यांनी मिळून मला नवरीपेक्षा जास्त माखलं. सकाळी साबणाने हात घासले, तरी नखांच्या कडा पिवळ्याच. मी खोलीत एकटा होतो. समितीला दाखवण्यासाठी यंत्र सुरू करून ठेवायचं होतं. चटईचा एक कोपरा उचलला गेला होता, तो दाबायला मी हातमोजा काढून हात आत घातला. दिवा चालू होता, दार उघडं होतं. पडद्याकडे लक्ष गेलं.

माझी पाचही बोटं हिरवी पेटलेली होती.

मी हात बाहेर काढला, परत घातला, परत काढला. मग चटई उचलून बघितली. मधला भाग एवढ्या महिन्यांच्या दिव्याने आणि पुसण्याने विझला होता. पण उजव्या काठाची पट्टी धातूच्या चौकटीखाली दबलेली होती, तिथे उजेड पोहोचत नव्हता. तिथे हिरवी रेघ तशीच होती. मला एका क्षणात सगळं दिसलं. हळद निळ्या दिव्यात हिरवी चमकते. मी पुसली तेव्हा ती गेली नाही, पसरली. ती मुलगी बिचारी दर वेळी स्पिरिटने पुसायची, तसतशी हळद स्पिरिटमध्ये विरघळून पातळ होत सगळीकडे गेली. उंदराला ती आधी पालथा ठेवायची, पाठीकडून चित्र घ्यायची, मग उताणा करायची. पालथा असताना त्याची भादरलेली उजवी मांडी त्या ओलसर जागेला टेकायची. आणि दिव्याखाली हळद दिवसेंदिवस फिकी पडायची, तिलाच सर दुसऱ्या पायाचा दाह शमतोय म्हणून जगाला दाखवून आले होते. साध्या स्वयंपाकघरातल्या हळदीने एवढं काम केलं. ज्यांना ती विरघळते कशात आणि चमकते कशाने हे ठाऊक असायला हवं होतं, ते सगळे डॉक्टर होते. आणि ज्याने ती टाकली तो मी.

मी तेव्हा बाहेर जाऊन सांगायचं होतं. तीच मुलगी दोन खोल्या पलीकडे आपल्या वह्या लावत बसली होती. वीस पावलं.

मी कपाटातून नवी चटई काढली, बसवली. जुनी गुंडाळून जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत घातली. दुपारी गाडी आली आणि ती पिशवी भट्टीकडे घेऊन गेली. का केलं, याची मी नंतर पुष्कळ सुंदर कारणं तयार केली. निवृत्तीला आठ महिने राहिलेत, नोटीस मोडल्याबद्दल चौकशी होईल, सरांची अब्रू जाईल, संस्थेचं नाव जाईल. खरं कारण एका ओळीत मावतं. मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी समितीसमोर मला बोलावलं. तिघे जण. सर एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला.

‘यंत्रावर कधी काही खटकणारं आढळलं?’ अध्यक्षांनी विचारलं.

‘नाही साहेब.’

‘पेटीत कोणी काही ठेवलं, सांडलं?’

‘नाही साहेब.’

‘चटई वगैरे स्वच्छ असते?’

‘एकदम नवीन आहे साहेब.’

त्या दिवशी मी बोललेलं हे एकच वाक्य खरं होतं, आणि नेमकं तिने तेच पकडलं. ती उठून उभी राहिली. ‘नवीन? कधी बदलली, काका?’

अध्यक्ष म्हणाले, ‘प्रश्न समिती विचारेल. तुम्ही बसा.’

ती बसली. समितीने तो प्रश्न विचारला नाही. मी समितीकडे बघत राहिलो, कारण तिच्याकडे बघणं शक्य नव्हतं. अहवालात शेरा आला: ‘प्रतिमांची सत्यता संशोधक सिद्ध करू शकली नाही.’ खोटं केलं असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. इतकं सभ्य वाक्य लिहायला तीन माणसांना तीन दिवस लागले. तिला प्रबंध देऊ दिला नाही. जाताना ती माझ्या टेबलापाशी आली आणि कपाटाच्या किल्ल्या ठेवून गेली. ‘येते काका,’ म्हणाली.

त्यानंतर दहा वर्षं मी छान झोपलो, जेवलो, मंडळाच्या मांडवात खुर्ची टाकून बसलो. अपराधी माणसाची भूक मरते असं लोक म्हणतात. माझी नाही मेली, मला साखर झाली. गेल्या वर्षी डाव्या पायाची वाहिनी तुंबली, अंगठ्याला जखम झाली. वाहिनी उघडून दिली, आणि जखम भरतेय की नाही हे बघायला मला एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. तिने हातात मावेल असा कॅमेरा काढला. जांभळा दिवा, छोटा पडदा. मी म्हटलं, आमच्या वेळी याला फ्रिजएवढी पेटी लागायची.

तिने अंगठ्याकडे नीट बघितलं. ‘आजोबा, पायाला हळद लावलीय का?’

‘का हो?’

‘तुमच्या वयाची मंडळी लावून येतात. हळद चमकते, मग आम्हाला खोटाच उजेड दिसतो. म्हणून आधी विचारतो.’ तिने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे कागद चिकटवला होता: तपासणीआधी हळद, तेल, मलम पूर्ण पुसावे.

चार शब्दांचा प्रश्न. पायाला हळद लावलीय का. तो त्या वर्षी कोणी विचारला असता तर... असं मी म्हणणार होतो. पण मला त्या वर्षी प्रश्न विचारला गेला होताच. कधी बदलली, काका?

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती, मला वाटलं ती माझी समजूत काढेल. ती चष्मा काढून म्हणाली, ‘माका कित्याक सांगतास? माझी पदवी गेल्ली? तिका सांगा जाऊन.’ मग भिंतीवरची ती फ्रेम काढून उलटी करून कपाटावर ठेवली.

मुलीचा पत्ता जुन्या सहकाऱ्याकडून मिळाला. गिरगावात, त्यांच्याच चाळीच्या तळमजल्यावर ती दहावीपर्यंतच्या मुलांना विज्ञान शिकवते. मी गेलो तेव्हा एक वर्ग सुटत होता. केस पांढरे झालेत, चष्मा जाड झालाय. मला बघून तिने आधी माझ्या काठीकडे बघितलं.

‘काका! बसा, बसा. पायाला काय झालं?’

‘ते राहू दे,’ मी म्हटलं आणि उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. बसलो असतो तर चहा आला असता, आणि चहा पिऊन मी पुन्हा तसाच परत आलो असतो.

माझं झाल्यावर तिने विचारलं, ‘किती हळद होती?’

‘चिमूटभर.’

‘चटईच्या कुठल्या बाजूला? कॅमेऱ्याकडून उजवी की दाराकडून?’

‘दाराकडून उजवी.’

‘पुसली कशाने?’

‘कोरड्या फडक्याने.’

‘म्हणजे पसरवलं मी,’ ती म्हणाली. ‘स्पिरिटने.’ फळ्यावर कुठल्यातरी इयत्तेचं पचनसंस्थेचं चित्र होतं, ते ती पुसू लागली. ‘चटईचं रिकामं चित्र घ्यायला हवं होतं. मी सरांना ऐकवायला हवं होतं. माझीही चूक आहे.’

‘तुझी काही चूक नाही गं.’

‘काका, ते तुम्ही ठरवू नका.’ आवाज चढला नाही. ‘जुनी चटई कुठे आहे?’

‘जाळली.’

‘हळद होती हे कळल्यावर?’

‘हो.’

‘आणि समितीसमोर म्हणालात नवीन आहे.’

‘हो.’

का, असं तिने विचारलं नाही. माझी सुंदर कारणं खिशातच राहिली. ती म्हणाली, ‘हे मला सांगून काय उपयोग? मी खोटं केलं नव्हतं हे मला तेव्हापासून माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. माटुंग्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेची जागा निघालीय. ते संस्थेचं पत्र मागतात, आणि पत्रात दर वेळी तो शेरा येतो. दोन जागा त्याच्यामुळे गेल्या. महिन्याभरात मुलाखत आहे. शेरा काढता येत असेल तर काढा. नसेल तर पुन्हा येऊ नका.’

मी अर्ज लिहिला. संस्थेच्या आवक विभागातल्या मुलाखतीसारख्या चौकशीतून तो पार पडला. ‘विषय काय लिहू?’ कारकुनाने विचारलं. ‘हळद,’ मी म्हटलं. त्याने ‘इतर’ असं लिहिलं.

तीन दिवसांनी सरांचा फोन आला. निवृत्त होऊनही संस्थेतली बातमी त्यांना आमच्या आधी कळते.

‘अहो, हे काय काढलंत या वयात? हळद म्हणे!’

‘हो सर. मीच टाकली होती.’

‘मनाई होती ना तिथे?’

‘होती सर. तुमचीच नोटीस होती.’

‘मग तुमच्यावरच येईल ते.’

‘त्यासाठीच दिलाय अर्ज.’

मग सर दयाळू झाले. ‘हे बघा, आता सगळं शांत झालंय. तिचंही काहीतरी बरं चाललं असेल. उगाच कोणाला कशाला त्रास?’

सरांच्या मते जगात त्रास होणारी माणसं मोजकी होती आणि ती सगळी त्यांच्या घरात राहत होती. मी म्हटलं, ‘सर, तिचं बरं चाललेलं नाही. मी बघून आलो.’ त्यांनी फोन ठेवला.

नवे संचालक माणूस म्हणून कोरडे, पण सरळ होते. त्यांनी सांगितलं की नुसत्या शब्दावर शेरा काढता येणार नाही, करून दाखवा. जुनी पेटी अजून तळघरात चालू होती. त्यांनी तिलाही बोलावलं. मी चिमूटभर हळद टाकली, कोरड्या फडक्याने पुसली. तिने स्पिरिट लावलं. उंदीर वापरायची गरज नव्हती; तिने स्पिरिटने ओला केलेला कापूस चटईवर टेकवला, उलटा केला, दार लावलं. पडद्यावर कापसाची एक बाजू हिरवी पेटली. संचालकांनी मान पुढे करून बघितलं, मग तिच्या जुन्या लेखातलं चित्र शेजारी लावून बघितलं. ‘बापरे,’ एवढंच म्हणाले.

वर त्यांच्या खोलीत पत्राचा मसुदा झाला. त्यांनी वाचून दाखवला: ‘यंत्रातील तांत्रिक दोषामुळे...’

ती म्हणाली, ‘यंत्रात दोष नव्हता.’

‘बरं. मग असं लिहू: तंत्रज्ञाकडून अनवधानाने...’ त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा हेतू चांगला होता. म्हाताऱ्याला सांभाळून घेत होते.

अनवधानाने. किती मऊ शब्द आहे. त्यात मी पाय पसरून झोपू शकलो असतो. ती माझ्याकडे बघत होती, समितीच्या दिवशी बघत असेल तशी, आणि या वेळी तिला गप्प बसवायला कोणी अध्यक्ष नव्हते.

‘साहेब, दोन वाक्यं करा,’ मी म्हटलं. ‘हळद टाकली ती अनवधानाने. चटई जाळली ती कळून, चौकशीच्या आदल्या दिवशी. आणि समितीला खोटं सांगितलं.’

‘हे तुमच्या नावाने कायमचं राहील.’

‘तिच्या नावाने दहा वर्षं राहिलंच की.’

त्यांनी तसं लिहिलं. मी सही केली. वेगळ्या कागदावर त्यांनी शेरा रद्द केल्याचं पत्र दिलं आणि प्रबंध पुन्हा सादर करता येईल असंही म्हणाले. तिने ते उभ्यानेच दोनदा वाचलं, सगळीकडे सही-शिक्का आहे ना बघितलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

फाटकापर्यंत आम्ही एकत्र चालत आलो. म्हणजे ती माझ्या वेगाने चालली, हे मला फाटकापाशी लक्षात आलं. मी तोंड उघडलं. एवढी वर्षं जे वाक्य घोळवत होतो ते म्हणायला.

‘काका, आज नको,’ ती म्हणाली. ‘चारची बॅच आहे माझी.’

तिने टॅक्सीला हात केला आणि गेली. माटुंग्याच्या मुलाखतीचं काय झालं ते मला माहीत नाही. तिने कळवलेलं नाही, आणि विचारायला मी गेलेलो नाही.